आईने राखून ठेवलेलं आमेन

पेढ्यांचा पुडा माझ्या हातात होता. महाराष्ट्र झाला म्हणून लालबागच्या नाक्यावर कुणीतरी तो माझ्या हातात कोंबलेला. परळच्या इस्पितळाचा जिना चढताना मी मनात जुळवत होते, आईला आधी काय सांगायचं, रोषणाई की लेझीम... वऱ्हांड्यात आमच्या शेजारच्या परबकाकू उभ्या होत्या. त्यांनी पुडा माझ्याकडून काढून घेतला आणि म्हणाल्या, "बाय, आवस गेली गो तुजी." दिवेलागण नुकतीच होऊन गेली होती. याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, सगुणाबाईंनी आयुष्याचं सोनं केलं. मी मान हलवते. आत मात्र एकच घोळत असतं, मी मेली वेळेवर का नाही पोहोचले?

आई नगरकडची. मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली आणि वडील गेल्यावर लोकांचे कपडे शिवून तिने मला मास्तरीण केलं. देव मला चर्चमध्ये भेटला असं मी म्हणणार नाही. पाळकांच्या उपदेशात मला हमखास डुलकी लागायची. तो भेटला आमच्या खोलीत, दिवेलागणीला, भात शिजवून झाकून ठेवलेला असताना. आई पाटावर बसायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि देवापुढे एकेकाचं नाव घ्यायची. माझं, मामाचं, परबकाकूंचं, त्यांच्या मुलाचं, वसंताचं, वरच्या मजल्यावर खोकणाऱ्या कांबळे आजोबांचं. बिऱ्हाड दोन माणसांचं आणि नावं चाळभर! त्यात तिचा एक कायदा होता, ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव आधी. लहानपणी नळावर एका मुलीने माझी कळशी ढकलून दिली, तेव्हा मी रडत घरी आले. आई म्हणाली, "आधी तिचं नाव." मी म्हटलं, "मी नाही घेणार त्या मेलीचं नाव!" "मग तसंच सांग देवाला. म्हणावं, त्या मेलीला सुखी ठेव." मला खुदकन हसू आलं आणि राग कुठे गेला कळलंच नाही. विश्वास म्हणतात तो तिने मला असा शिकवला, भाताच्या वासात.

दुसरा कायदा आमेनचा. घरातलं माणूस बाहेर असलं तर ती प्रार्थना पुरी करायची नाही. सगळी नावं घ्यायची आणि थांबायची. आमेन म्हणायचं ते परतून आलेल्या माणसाने, मगच ताटं वाढायची. पाळकांनी एकदा समजावलं, "सगुणाबाई, असं शास्त्रात कुठे सांगितलेलं नाही हो." आई म्हणाली, "नसंल. पण पोरगी घरी आल्याबिगर देवाला ऊठ कसं म्हणू?" पाळक चहा पिऊन गेले.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले आणि माझा पाय घरात ठरेना. सभा, मोर्चे, प्रभातफेऱ्या... गोळीबार झाला, संचारबंदी लागली, वसंता सत्याग्रहात तुरुंगात गेला. त्याला तिथे पोटभर जेवण मिळावं म्हणून आई रोज मागायची आणि तो सुटून आला तेव्हा काकूंनी तिच्या हातात नारळ ठेवला. मी मात्र घसा बसवून यायची आणि दारातूनच, चपला पायात असताना, ओरडायची, "आमेन! वाढ गं, भूक लागलीय." वर्गातली पोरं हजेरी देतात तसं. काकू म्हणायच्या, "तुज्या आमेनाची वाट बघून बघून आवशीचो भात निवलो." आणि मी हसायची. हसायची हो! ती उपाशी बसलीय हे दिसत होतं मला. पण माझं काम मोठं, असं डोक्यात भिनलेलं. एका संध्याकाळी तिने गोळ्या झाडणाऱ्या पोलिसांचं नाव सगळ्यांत आधी घेतलं, तेव्हा मी भडकले. "आपली माणसं मेलीत आणि तू त्यांच्यासाठी मागतेस?" "राग आहे ना तुझा? म्हणून तर," ती म्हणाली. मी हट्टाने आमेन म्हणेना. तीही तशीच बसून राहिली. शेवटी मी आमेन पुटपुटले, तेव्हा भात गारढोण झाला होता.

यंदा छातीत पाणी झालं म्हणून तिला इस्पितळात ठेवलं. त्या दिवशी मी तिच्यापाशीच बसणार होते. तीच म्हणाली, "जा, बघून ये तुझा महाराष्ट्र. एवढा घसा फोडलास त्याच्यापायी. फक्त दिवेलागणीला ये, मला सगळं सांग." मी गेले आणि रमले. लेझीम थांबेना, मोर्चातल्या ओळखीच्या बायका सोडेनात. उजेड कमी होताना मला दिसत होता. आणखी थोडं, आणखी थोडं, असं करत राहिले... काकूंनी मग सांगितलं, "सगळ्यांची नावां घेतल्यान. मगे दाराकडे बघीत रवली. मी म्हटलंय, सगुणाबाय, दमलंस तू, मी म्हणू काय तुमचा ता आमेन? तर मान हलवल्यान. नको म्हणान."

त्यानंतर दिवेलागणीला मी खोलीत पाऊल टाकत नसे. शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत शाळेतच रेंगाळायची. प्रार्थना करायची तरी कुठल्या तोंडाने? परवा घरी आले तर दार उघडं. आत दिवा लागलेला, भात झाकून ठेवलेला आणि आईचा पाट तसाच मोकळा ठेवून समोर जमिनीवर परबकाकू, डोक्यावर पदर घेऊन.

"सगळ्यांची नावां घेतलंय," त्या म्हणाल्या. "पोलीस पण घेतलंय. आता तुज्यासाठी थांबलंय."

मी दारातच उभी, चपला पायात. काकू म्हणाल्या, "ज्येच्यावर राग असता तेचा नाव आदी घेतास ना गो तुमी? तुजो राग कोणावर असा? सांग, मी घेतंय."

"माझं घ्या," मी म्हटलं.

काकूंनी डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "देवा, आदी आमच्या शांताक सांभाळ..." मग चाळभर नावं, आई घ्यायची तशीच, सावकाश. मी चपला काढल्या, पाटासमोर येऊन बसले. नावं संपली. आमेन काही केल्या तोंडातून निघेना. भात निवत चालला होता आणि काकू थांबून होत्या.