पाथरवट साधूच्या दाराशी

इंग्लंडात लीड्सपासून बसने तासाभरावर नदीकाठी एक खडक आहे, आणि त्या खडकात एका माणसाने स्वतः कोरलेली खोली. मध्ययुगात, इथले सगळेच कॅथलिक होते तेव्हा, एक पाथरवट तिथे साधू होऊन राहिला. उन्हाळ्यात दर शनिवारी माझी बायको तिथे येणाऱ्यांना त्याची गोष्ट सांगायची. मी बाहेर दगडावर पुस्तक घेऊन बसायचो आणि ती कुठे मीठमसाला लावतेय ते ऐकायचो.

ती हिवाळ्यात गेली. एप्रिलमध्ये चर्चमधल्या बाईंचा फोन आला. गुहेची चावी त्या सांभाळत. वय ऐंशीच्या घरात, आवाज खणखणीत.

"शनिवारी बोलायला कोणी नाही. यंदा कोणी उभं राहिलं नाही, तर चर्चवाले गुहेला कायमचं कुलूप लावायचं म्हणतायत. तुम्ही याल का?"

"मला लोकांसमोर बोलता येत नाही."

"माझ्याशी तर बोलताय."

विचार करून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. संध्याकाळी रीडिंग शहरात राहणाऱ्या मुलीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"बाबा, प्लीज जा. घरात बसून बसून तुम्हीच त्या साधूसारखे हर्मिट झालाय."

"त्याच्या दारात निदान नदी होती."

"बघा, जोक मारलात! म्हणजे आता जायलाच पाहिजे."

गेलो. झिमझिम पाऊस होता, तरी आठ-दहा माणसं आली होती. दाराशी पोचल्यावर मी बूट काढून बाजूला ठेवले आणि मोज्यांनी आत गेलो. यात विचार काही नव्हता, सवय होती. आम्ही पहिल्यांदा इथे आलो तेव्हा बायकोने, देवाची जागा म्हणून, चपला बाहेर काढल्या होत्या. बाईंनी ते पाहिलं आणि मुकाट्याने आपलेही चिखलाचे बूट ओढून काढले. तेव्हापासून ती रीतच पडली.

आत जाऊन वळून पाहिलं तर बाहेरची सगळी रांग वाकलेली. एक गृहस्थ एका पायावर उड्या मारत लेस सोडत होते. बूट निघाला तसा मोज्यातून अंगठा बाहेर आला.

"नेमका आजच हा मोजा घालायचा होता का?" त्यांची बायको म्हणाली.

सगळे हसले, आणि त्या हसण्याच्या आडून मी सुरुवात केली.

साधू होण्याआधी हा माणूस मोठ्या चर्चवर दगडाचे चेहरे कोरायचा. इतक्या उंचावर, की खालून कोणाला दिसू नयेत. त्याची बायको तापाने गेली आणि तो मठात शिरला. पण मठात घंटा, खोकणं, कुजबुज. त्याने मठाच्या प्रमुखांकडे एकटं राहायची परवानगी मागितली आणि या खडकाशी आला. छिन्नी-हातोडा मात्र सोबत आणला, आणि तिथेच तो फसला. छिन्नीचा आवाज नदीपार जायचा. पलीकडच्या गावातल्या बायका समजल्या की पाथरवट आलाय. दुसऱ्या दिवशी एकजण गुळगुळीत झालेलं जातं घेऊन हजर. मग कोणाची चूल, कोणाचा जनावरांचा हौद. साधू कुरकुरायचा, पण जात्याला टाकी लावून द्यायचा. बायका येताना भाकरी आणायच्या, गावातली भांडणं आणायच्या.

जातं, भाकरी, भांडणं हे सगळं माझ्या बायकोचं. पुस्तकांत एवढंच आहे की लोक त्याच्याकडे येत असत. मी पुस्तकातलंच सांगायचं ठरवून आलो होतो. तोंडातून तिचंच आलं.

"आणि हे बाकडं," मी भिंतीकडे हात केला, "त्यानेच कोरलं. दोन माणसं बसतील एवढं. एकटंच राहायचं होतं तर दोघांचं बाकडं कशाला?" हा प्रश्नही तिचाच. उत्तर ती कधीच देत नसे. मीही दिलं नाही. पण फाटक्या मोज्याचे गृहस्थ बायकोला घेऊन त्यावर जाऊन बसले.

शेवटी त्यांच्या बायकोने विचारलं, "बूट काढायची पद्धत साधूच्या काळापासूनची ना?"

"अर्थातच," बाई मागून म्हणाल्या. "फार जुनी."

आता मला राहवेना. "नाही," मी म्हणालो. "ही माझ्या बायकोची पद्धत. आमच्याकडे देवाच्या दारात चपला काढतात. ती या हिवाळ्यात वारली."

परक्या माणसांसमोर मी ते पहिल्यांदाच म्हणालो होतो.

"चांगली पद्धत आहे," बाकड्यावरचे गृहस्थ म्हणाले. "गारठवते, पण चांगली आहे."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मला वाटलं, साधूची जुनी रीत तिने कुठेतरी वाचली असेल. मी इतकी वर्षं लोकांना मध्ययुगातली म्हणून सांगतेय! तिला एकदा विचारलंही होतं."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही. हसली नुसती."

ते हसणं मला लख्ख दिसलं, आणि मलाही हसू आवरेना.

लोक गेल्यावर बाईंनी कुलूप लावलं आणि चावी माझ्यापुढे धरली. "ठेवता?"

ठेवली. "पण इथे बूट भिजतात," मी म्हणालो. "त्याचं काहीतरी करायला हवं."

आमच्या दारामागे चपलांचा एक लाकडी रॅक होता. हिवाळ्यापासून मी त्याला हात लावला नव्हता, वरचा कप्पा सगळा तिचाच. त्या आठवड्यात तो रिकामा केला, पुसला, आणि पुढच्या शनिवारी बसमध्ये चढवला.

"घर बदलताय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "एका साधूकडे पाहुणे फार येतात."