धूळ हाय गो

एस्तेर गेली हे मला ज्यानं सांगितलं त्याचं नाव मला ठाऊक नाही. दवाखान्यातून फोन होता. माणूस दमलेला वाटत होता. ‘एस्तेर यांच्या नातेवाईक का तुम्ही?’ मी म्हटलं, ‘हो.’ नातं काय ते त्यानं विचारलं नाही, बरं झालं. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या, एकमेकींच्या डब्यातलं हक्कानं खाणाऱ्या, भांडून आठ-आठ दिवस अबोला धरणाऱ्या दोघींचं नातं काय म्हणून सांगायचं? माझ्या हातात पॉलिश पेपर होता, समोर अर्धवट घासलेली मूर्ती होती. मी ‘बरं’ म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले. सोंड गुळगुळीत झाली, तरी घासतच होते. शेवटी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, येऊन माझ्या हातातून कागद काढून घेतला.

आमचा पेणजवळ जोह्याला गणपतीचा कारखाना आहे. मी माहेरची पेणची. एस्तेरही पेणचीच, पण वडील वारल्यावर ती आणि तिची आई रोह्याजवळच्या अष्टमी गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. घर ख्रिस्ती, आई निवृत्त नर्स. पोर लहानपणापासून प्रार्थना, गाणी, चर्चची मंडळी यांत रमलेली. कॉलेज संपलं तेव्हा मी लग्न करून गणपतींत येऊन पडले आणि ही मिशनरी होऊन आफ्रिकेत, मालावीत गेली. तिथे डोंगरातल्या एका गावात मुलींच्या वसतिगृहावर ती शिकवायची. फोनवर मी चिडवायचे, ‘काय गो, किती जणांना बाटवलंस?’ तर म्हणायची, ‘अजून गुणाकार शिकवतेय, बाटवायला वेळ कुठे हाय?’ अशी होती. तिच्याशी भांडायला गेलं की माणूस हसूनच परत यायचं.

मग तो रोग आला. तिच्या मिशननं बाहेर पाठवलेल्या सगळ्यांना एका निरोपावर परत बोलावलं. मुली शाळेत बसल्या होत्या, हिनं फळ्यावर लिहिलेलं तसंच राहिलं आणि ही विमानात. पुढे एकदा म्हणाली होती, ‘मला हाकललं नाय कोणी, सुजे. पण पंगतीतून उठवल्यासारखं वाटलं.’ मुंबईला उतरली तेव्हा तिच्या हातावर शिक्का मारला होता, घराबाहेर पडू नये म्हणून. तिथून गाडीवाल्यानं तिला अष्टमीला आणून सोडलं. इमारतीतली माणसं फाटकात उभी. कोणी शिवी दिली नाही की काही नाही, नुसती उभी. तिच्या आई, ज्यांना मी मावशी म्हणते, त्या मात्र तळमजल्याच्या खिडकीतून ओरडत होत्या, ‘येऊ द्या तिला, माझी पोर हाय!’ मावशींना जुना दमा. पंप उशाशी नसेल तर झोप येत नाही त्यांना. ओरडून ओरडून त्यांना धाप लागली, आणि ती धाप बघून एस्तेर तशीच मागे फिरली. तिला अडवलं ते शेजाऱ्यांनी नाही, त्या धापेनं. कुंडलिका नदीच्या पुलावर बॅग घेऊन उभी राहिली आणि तिथून मला फोन केला. ‘सुजे, मी आईकडे जाऊ शकत नाय गो. माझ्यात काय असलं तर ती एका दिवसात जाईल. मी कुठे जाऊ?’

आता खरं सांगते, मला काही लगेच माया दाटून वगैरे आली नाही. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती, घरात मामंजी म्हातारे. पण पुलावर उभ्या असलेल्या बाईला काय उत्तर देणार? आमचे हे टेम्पो घेऊन गेले. गणपती पोचवायचा टेम्पो, मागे पेंढा भरलेला. वाटेत निडीपाशी पोलिसांनी अडवलं, हिच्या हातावरचा शिक्का बघितला आणि दोन पावलं मागे सरून ‘जा, जा’ म्हणाले. एस्तेर पेंढ्यात बसून जोह्याला आली. उतरताना म्हणते कशी, ‘वाजंत्री नाय आणली?’ मी हसले नाही. मी लांब उभी होते, पदर नाकाला लावून.

कामगार आपापल्या गावी गेले होते, कारखाना रिकामा होता. मागच्या खोलीत तिची खाट टाकली. मामंजी कुरकुरले. मला वाटलं, किरिस्ताव म्हणून बोलतायत. तर म्हणाले, ‘तसा नाय गो. देवाला काय हाय? मला माज्या नातीचं भ्या वाटतंय.’ भ्या तर आम्हा सगळ्यांनाच होतं. मी ताट स्टुलावर ठेवून पळायचे. ताट परत घेताना चिमट्यानं उचलायचे, त्यावर उकळतं पाणी ओतायचे. ती दारातून बघायची. मास्क तेव्हा बाजारात मिळत नव्हते. आमच्याकडे गिऱ्हाईक मूर्ती घरी नेतं तेव्हा तिचं तोंड कोऱ्या रुमालानं झाकतो, ते पिवळ्या कापडाचे रुमाल ढिगानं पडलेले. तेच तिला दिले. तिनं बांधून दाखवला. ‘बघ, आता मी पण घरी जायला तयार.’ तेव्हा मात्र हसू आलं मला आणि पाठोपाठ रडूही.

दिवसभर ती एकटी, भोवती शेकडो मूर्ती. मी अंगणातून विचारायचे, ‘काय गो, भीती नाय वाटत?’ ती म्हणायची, ‘प्रार्थना करते तेव्हा वाटतं, सगळे माझ्याकडे बघतायत.’ मी म्हटलं, ‘बघतात कशानं? आखणी कुठे झालीय अजून!’ आखणी म्हणजे डोळे काढणं, ते आमच्याकडे सगळ्यात शेवटी. त्यावर इतकी हसली, इतकी हसली... आणि हसता हसता खोकायला लागली. थांबेचना.

मामंजींनी नातीला उचलून आतल्या घरात नेलं आणि दार लावून घेतलं. मी अंगणाच्या टोकाला. ‘एस्तू, ताप हाय का? एस्तू, बोल ना गो!’ तीपण घाबरली होती, डोळ्यांत पाणी. दोन दिवस आम्ही कोणी नीट जेवलो नाही. आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई लांबूनच विचारपूस करून गेल्या, आमच्या फाटकापुढून माणसं जायची बंद झाली. मग माझ्या लक्षात आलं ते तिच्या केसांवरून. केस पांढरे दिसत होते. बसून बसून कंटाळा येतो म्हणून ही बया न सांगता मूर्ती घासत बसली होती! साच्यातून काढलेली मूर्ती पॉलिश पेपरनं घासली की पिठासारखी धूळ उडते. आमच्याकडे त्या दिवसांत अख्खा गाव खोकतो, कोणी कोणाला विचारतसुद्धा नाही. ‘धूळ हाय गो, नुसती धूळ हाय!’ ती ओरडली आणि मामंजींनी आतून दार उघडलं. त्या दिवशी मी मोदक केले. गणपती नव्हते की काही नव्हतं, तरी केले.

मुदत संपल्यावर पास काढून आम्ही तिला अष्टमीला नेलं. गणपती दारात आला की त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि उंबऱ्याशी रुमाल काढायचा, ही आमची रीत. मी घरून भाकरी नेली होती. ओवाळायला लागले तशा मावशी म्हणाल्या, ‘आमच्यात हे नाय करत गो...’ मग स्वतःच म्हणाल्या, ‘कर, कर. काय बिघडत नाय. येशू काय रागावणार हाय?’ मी तुकडा टाकला. मावशी उंबऱ्याच्या आत, पंप मुठीत धरलेला. म्हणाल्या, ‘आता तो रुमाल काढ. तोंड बघू दे.’ एस्तेरनं रुमाल खाली केला. त्या मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मी टेम्पोत जाऊन बसले. मला ते बघवेना.

पुढचं वर्षभर ती आईजवळ राहिली. फोनवरून मालावीतल्या मुलींना शिकवायची, परत जायच्या निरोपाची वाट बघायची. निरोप आला नाही. रोग ओसरला असं सगळेच म्हणायला लागले आणि आमच्या ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. माणसं कमी म्हणून मीच तिला बोलावलं, ‘ये चार दिवस हात लावायला, घासायची सवय हाय तुला.’ आली. रुमाल बांधून घासत बसली, गाणी म्हणत. येशूच्या भक्तीची गाणी गणपतीपुढे म्हणायची आणि मामंजी ताल धरायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकायला लागली. मी हातातलं काम न सोडता हाक मारली, ‘पाणी पी गो.’ मामंजी म्हणाले, ‘रुमाल नीट बांधत नाय ही.’ ती म्हणाली, ‘धूळ हाय गो.’ आम्ही सगळे खोकतच होतो. गेल्या वर्षी उगाच केवढं घाबरलो होतो, त्याची आठवण काढून हसलोसुद्धा.

पण त्या शनिवारी ती घरी जायची होती, ती गेली नाही. आईला फोनवर म्हणाली, ‘काम फार हाय, आई. आणि इथली धूळ घशात बसलीय, ती तुझ्याकडे कुठे आणू?’ मग खाट मागच्या खोलीत नेली. मी विचारलं तर म्हणाली, ‘पुढे आवाज फार होतो, झोप लागत नाय.’ जेवायला बोलावलं तर म्हणाली, ‘ताट स्टुलावर ठेव.’ मी ठेवलं आणि कामाला गेले... आज बसून तेच तेच आठवते. नुसती धूळच होती तर आईकडे का गेली नाही? ताट स्टुलावर कशाला मागितलं? तिला कळलं होतं. तोंडानं आम्हाला धूळ धूळ म्हणत होती आणि पाय मात्र आईपासून लांब ठेवत होती.

ताप चढला, श्वास लागायला लागला, तेव्हा गाडी मिळवून दवाखान्यात नेलं. गाडीत बसताना तिनं एवढंच विचारलं, ‘तुझी पोरगी माझ्याजवळ आली नव्हती ना?’ मी म्हटलं, ‘नाय.’ मग डोळे मिटून पुटपुटत राहिली. प्रार्थना असेल, किंवा त्या मुलींची नावं. नंतर ती मला दिसली नाही.

दफनाला आम्ही मोजकीच माणसं, तीही लांब. नखशिखान्त झाकलेल्या माणसांनी तिला आणलं, पिशवीत बांधलेली. पाळकांनी मोठ्यानं प्रार्थना म्हटली, वाऱ्यात अर्धी ऐकूच आली नाही. मावशी गाडीत काचेआड बसलेल्या. सगळं झाल्यावर मी काचेपाशी गेले तर त्यांनी विचारलं, ‘तोंड उघडलं होतं?’ खोटं बोलावं असं फार वाटलं. पण माझ्या तोंडून ‘नाय मावशी’ असंच निघालं. त्यांनी मान हलवली. नर्सचं काम केलेली बाई, त्यांना ठाऊकच होतं. आमच्या कारखान्यातली कुठलीच मूर्ती तोंड झाकलेलं ठेवून कोणी पाण्यात सोडत नाही हो. तिला तसंच मातीत ठेवलं.

परवा मी अष्टमीला गेले. टेम्पो महाड बाजूला ऑर्डर घेऊन निघाला होता, ह्यांनी मला वाटेत सोडलं. अंगावर कामाचेच कपडे, तोंडाला पिवळा रुमाल. मावशींनी दार उघडलं. वाळल्यायत. मी उंबऱ्यात पाय टाकणार तोच मला ठसका लागला. जोरात. आवरेना. ‘धूळ हाय मावशी,’ मी म्हटलं.

मावशींनी दाराची चौकट धरली. मग हळू म्हणाल्या, ‘तीपण मला हेच म्हणाली होती.’

मी पाय मागे घेतला आणि पायरी उतरून अंगणात जाऊन उभी राहिले. खरंच धूळ होती की आणखी काही, मला तरी काय माहीत? सकाळपासून अंग कसकसतंय असंही वाटायला लागलं. पळून जावंसं वाटलं. मावशी आत गेल्या. मला वाटलं, दार लावून घेतील आणि तेच बरं. पण त्या भाकरीचा तुकडा घेऊन उंबऱ्याशी आल्या. आतूनच, हात लांब करून, तो तुकडा त्यांनी माझ्या दिशेनं ओवाळला आणि अंगणात टाकला. दुसऱ्या मुठीत पंप.

‘तिथंच थांब, आत येऊ नको,’ त्या म्हणाल्या. ‘पण रुमाल काढ गो. तोंड बघू दे.’

मी रुमाल खाली केला. घशात खवखवत होतं. मी खोकला गिळला, आणि त्या बघत होत्या तोवर तशीच उभी राहिले.