बसलेला मानकरी

कोंडीबातात्याचा उजवा हात थंड होता. थंडीत सगळ्यांचेच हात गार पडतात, तसा नव्हे. चैत्राच्या उन्हात, गुऱ्हाळाच्या चुलवणाशेजारी बसला तरी तो हात थंडच असायचा. हातात घेतला की विहिरीच्या आतल्या, कधी ऊन न पाहिलेल्या दगडाला हात लागल्यासारखं वाटायचं.

कुंडलच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाशी आमचं गाव. खाली ऊस, वर माळ आणि माळावर जाखाईचं देऊळ. पौषात जत्रा भरते. तेव्हा उसाला तुरे आलेले असतात, आणि सकाळी धुकं असं दाटतं की देवळाचा कळस त्या धुक्यावर तरंगताना दिसतो. खाली देऊळ नाहीच असं वाटावं.

जत्रेला गावाचं एक बकरं असतं. ते कापायचा मान कोंडीबाच्या घराचा. किती पिढ्यांचा, ते त्या घरालाही सांगता येत नाही. त्या दिवशी मानकऱ्यानं उजाडल्यापासून बकरं पडेपर्यंत बसायचं नाही. ओट्याला, भिंतीला टेकायचंसुद्धा नाही. बकरं देवीसमोर उभं करतात, पाठीवर पाणी ओततात आणि सारा गाव गप्प होतो. बकऱ्यानं अंग झाडलं, की ते राजी झालं, देवीनं घेतलं. मगच कोयता. झाडलं नाही, तर वाट बघायची आणि पुन्हा पाणी ओतायचं. मानकरी म्हातारा झाला, की घरातल्या पुढच्या माणसाच्या हातात कोयता देऊन वरून त्याचं मनगट धरायचं आणि पहिला घाव दोघांनी मिळून घालायचा. तसं मनगट धरल्याशिवाय मान पुढं जात नाही.

मानाबरोबर थंडीही पुढं जाते, असं गावात बोललं जायचं. कोंडीबाचा बाप नाथाजी शेवटची वर्षं उजवा हात घोंगड्यात गुंडाळून बसलेला आम्ही पाहिला आहे. हाताबरोबर एक आवाजही येतो. ओलं अंग झाडल्याचा आवाज. दावणीला बकरं नसताना, भर दुपारी, माजघरातून तो येतो. कोंडीबाची बायको शालूबाई पहिल्यांदा तो ऐकून परडं बघून आली होती. परड्यात काही नव्हतं. आत आली, तर माजघराच्या सारवलेल्या जमिनीवर पाण्याचे थेंब पडलेले. तिनं ते पदरानं पुसले आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते पार शेवटी, मिरजेच्या दवाखान्यात.

शालूबाईच्या पोटात गाठ निघाली होती. मिरजेत बरेच दिवस ती खाटेवर होती आणि कोंडीबा व्हरांड्यात. तिथं चर्चचे एक पाळक यायचे, शांतवन नावाचे. शेजारच्या खाटेवरच्या बाईसाठी प्रार्थना करायचे आणि जाताना कोंडीबाजवळ थांबायचे.

"तुमचं काम काय, बाबा?" त्यांनी एकदा विचारलं.

"ऊस हाय थोडा. आन् जत्रंत बकऱ्याचा मान हाय."

पाळक हसले नाहीत, तोंडही वाकडं केलं नाही. बाकावर बसत म्हणाले, "असा मान फार पूर्वी यहुदी लोकांतही होता. एकाच घराण्याकडं. अहरोनाचं घराणं. त्यातला एक जण प्रमुख याजक व्हायचा. वर्षातून एकदा तो जाड पडद्याच्या आत एकटा जायचा, देवाच्या जागी, रक्त घेऊन. आधी स्वतःच्या पापासाठी, मग लोकांच्या. त्या दिवशी लोकांसाठी दोन बकरे असायचे. एक कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांचं पाप त्याच्यावर घालायचं आणि त्याला रानात सोडून द्यायचं."

"आन् फुडच्या वर्षी?"

"पुन्हा तेच."

"म्हंजी भागायचं न्हाई."

"नाही भागायचं. याजक म्हातारा व्हायचा, मरायचा. मग त्याचा मुलगा. मग त्याचा."

कोंडीबानं उजवा हात धोतराच्या सोग्यात घेतला.

"मग येशू आला," पाळक म्हणाले. "तो त्या घराण्यातला नव्हता. त्याला हा मान देवाच्या शपथेनं मिळाला. त्यानं बकरं आणलं नाही. याजक तोच आणि बळीही तोच. त्यानं प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. तो पुन्हा उठला, आता मरत नाही. म्हणून त्याच्यामागं दुसरा याजक लागत नाही, आणि दुसरं रक्तही लागत नाही. आम्ही असं मानतो."

कोंडीबा म्हणाला, "एक इचारू? त्येनं अंग झाडलं का?"

पाळकांना कळेना. कोंडीबानं पाण्याचं सगळं समजावून सांगितलं. आपल्याकडं राजी झाल्याशिवाय कापत नाहीत, हेही सांगितलं. पाळकांनी चष्मा काढला, पुसला, हातातच ठेवला.

"मरणाच्या आधी तो एका बागेत गुडघे टेकून बसला होता," ते सावकाश म्हणाले. "पुढं काय होणार ते त्याला माहीत होतं. त्याला घाम सुटला, रक्ताचे थेंब गळावेत तसा. हे टळत असेल तर टळू दे, असं तो देवाला म्हणाला. आणि मग म्हणाला, माझ्या नको, तुझ्या मनासारखं होऊ दे."

"म्हंजी झाडलं," कोंडीबा म्हणाला. "बकऱ्याला ठावं नसतंय साहेब, पानी कशापायी वतत्यात. गार लागतंय म्हनून झाडतंय बिचारं. ह्येला ठावं हुतं." आणि लगेच विचारलं, "मग? काम झाल्यावर काय केलं त्येनं?"

"बसला. जुन्या याजकांना देवळात बसायला आसनच नव्हतं. काम कधी संपायचंच नाही, म्हणून उभंच राहायचं. हा एकदाच अर्पण करून देवाच्या उजव्या हाताला बसला."

"बसला?"

"हो."

आयुष्यभर जत्रेच्या दिवशी उभं राहून कोंडीबाच्या पिंढऱ्यांत गाठी आल्या होत्या. त्या तो उगाच चोळत राहिला.

शालूबाई वाचली नाही. जाण्याआधी तिनं कोंडीबाला त्या थेंबांचं सांगितलं, ते त्या खाटेवरूनच. ती गेल्यावरही कोंडीबा रविवारी मिरजेला जात राहिला, आणि एक दिवस बाप्तिस्मा घेऊन आला. जत्रेच्या बैठकीत उभं राहून म्हणाला, "मी कोयता धरनार न्हाई. कुनाचं मनगटबी धरनार न्हाई."

देवळाचं सगळं बघणारे आप्पासो गावात वजनदार. ते म्हणाले, "कोंडीबा, देव बदल. बायकू गेली, मन फिरलं, आमी समजू शकतो. पर तुजा मान काय सदरा हाय व्हय रं, काडला आन् खुंटीला लावला?"

"आवं आप्पासो, काडायचा म्हनलं तरी निघतोय का?" असं म्हणून त्यानं थंड हात त्यांच्या गालाला लावला. आप्पासो दचकून मागं सरले. बैठकीत हसू पिकलं, पण लगेच विझलं.

त्या वर्षी दुसऱ्या गावचा माणूस आणून कोयता दिला. बकऱ्यानं अंग झाडलं नाही. पाणी ओतून ओतून देवळापुढं चिखल झाला. दिवस कलला, बकरं तसंच, डोळ्याची पापणीही न हलवता उभं. शेवटी ते परत दावणीला नेलं. पुढं महिन्याभरात कोंडीबाच्या पुतण्याच्या बायकोचं, शिवांजलीचं, पोट पडलं. गाव काही उघड बोललं नाही. फक्त विहिरीवर कोंडीबा आला, की बायका घागर अर्धी भरून निघून जायच्या.

पुतण्या जयराज. फौजेतून नुकताच पेन्शनीवर आलेला, छातीचा भरदार गडी. कोंडीबाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा मान त्याच्याकडंच जायचा. पुढच्या पौषात, जत्रेच्या आदल्या सकाळी तो आणि शिवांजली कोंडीबाच्या दारात आले. शिवांजलीला पुन्हा दिवस गेले होते. बाहेर धुकं होतं. दोघं अंगणातून आले तेव्हा आधी नुसते पाय दिसले.

"तात्या, बगा जरा," म्हणत जयराजनं उजवा हात पुढं केला.

कोंडीबानं तो धरला आणि डोळे मिटले. हात गार होता.

"सरहद्दीवर बर्फात उभा ऱ्हायलोय मी, तात्या. तवा बी असा पडला न्हवता. मनगट धरलं न्हाई तुमी, तरी आला. आता उंद्या एवडं धरा. रीतसर घेतो मी. न्हाई घेतला, तर हे आसंच अर्धं लटकत ऱ्हायाचं."

"आन् हिचं?" कोंडीबानं विचारलं.

शिवांजली उंबऱ्याशी उभी होती. पोटावर पदर घट्ट धरून म्हणाली, "तात्या, काल दुपारी आवाज आला. आमच्या घरात. मी परडं बगून आले." पुढं ती बोलली नाही. कोंडीबानं तिच्या पदराकडं पाहिलं. पदराचं टोक ओलं होतं.

"मुलगा झाला, तर कवातरी त्येच्याबी हातात ह्योच कोयता," कोंडीबा म्हणाला.

"आधी होऊ तर द्या," ती म्हणाली. "मला बाकी कायबी कळत न्हाई. जगू द्या म्हंजी झालं."

कोंडीबा म्हणाला, "येतो मी उंद्या."

दोघं सुटल्यासारखी परत गेली. गावात बातमी फिरली, की तात्या मनगट धरणार.

जत्रेदिवशी धुकं उठलंच नाही. दुपार झाली तरी सूर्य पितळी ताटलीसारखा, नुसता टांगलेला. जयराज पहाटेपासून कोयता घेऊन देवीसमोर उभा. बकरं मागच्या वर्षीचंच, आता थोराड झालेलं. त्याच्या पाठीवर पाणी ओतलं. हलगी थांबली. पाणी दोन्ही कुशींवरून खाली निथळलं. बकरं हललं नाही.

पुन्हा ओतलं, आणि काही वेळानं पुन्हा. पाळणेवाले, मेवामिठाईवाले, सगळे गप्प. इतक्या माणसांत खोकलासुद्धा नाही. आणि त्या शांततेत तो आवाज आला. ओलं अंग झाडल्याचा. देवळाच्या आतून, जिथं कुणीच नव्हतं. समोरचं बकरं दगडासारखं उभं होतं. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी गालावर उडालेलं पाणी पुसलं.

तेवढ्यात धुक्यातून कोंडीबा आला. गर्दीनं वाट दिली. आप्पासो हात जोडून म्हणाले, "आलास गड्या. धर पोराचं मनगट."

कोंडीबानं जयराजचं मनगट धरलं. शिवांजली खांबाआडून बघत होती. मग कोंडीबानं डाव्या हातानं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि कोयता काढून घेतला.

"तात्या, काय करताय?"

"बस खाली."

"तात्या!"

"बस म्हनतो न्हवं? लय पिढ्या उभ्या ऱ्हायल्या आपल्या. ज्येनं राजी हुयाचं, त्यो मागंच झालाय राजी. ज्येला कापायचं, त्येचं झालंय. आता उभं कशापायी ऱ्हायाचं रं?" आवाज चढलेला नव्हता. शेजारच्याला पाणी मागावं, तसा होता. "आन् काय येयाचं असंल, तर ते माज्याकडं येऊ दे. तुज्याकडं न्हाई. त्या लेकराकडं न्हाई."

देवळापुढं नारळ फोडायचा एक मोठा दगड आहे. कोंडीबानं कोयता त्या दगडाखालच्या फटीत सारला आणि दगडावर बसला. आपल्या शेजारी जयराजला हात धरून बसवलं. त्या घरातला माणूस बकरं उभं असताना बसलेला आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता. कुणीतरी बाई रडू लागली. आप्पासोंचा हात तोंडावर गेला.

आणि बकऱ्यानं अंग झाडलं.

डोक्यापासून शेपटीपर्यंत, इतक्या जोरात की थेंब देवीच्या पायरीवर, आप्पासोंच्या पटक्यावर, आमच्या सगळ्यांच्या तोंडावर उडाले. देवीनं घेतलं होतं. कापायला हवं होतं. पण कोयता दगडाखाली, दगडावर मानकरी बसलेले, आणि मनगट धरून मान घेतलेला हात कुणाचाच नाही. बकऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि माणसांमधून वाट काढत माळाकडं चालू लागलं. त्याला कुणी धरलं नाही. धुक्यात आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग पाठ, मग शिंगं.

गावात आजही दोन मतं आहेत. आप्पासो म्हणतात, जाखाईनं स्वतः सोडलं ते, कोंडीबाच्या येशूचा काही संबंध नाही. कोंडीबानं यावर वाद घातला नाही. त्या दिवसानंतर बकरं कुणी उभं केलं नाही; कोंडीबा जत्रेला नुसता येऊन त्या दगडावर बसायचा, म्हणून नारळ फोडायला बाजूला दुसरा दगड मांडावा लागला.

शिवांजलीला मुलगी झाली. नीट झाली, खणखणीत रडली. सुईण तिला पुसायच्या आधी जयराजनं तिचा उजवा हात उघडून आपल्या गालाला लावला आणि मग तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पोरगी आता अंगणात धावते. तिचा हात मी धरून बघितला आहे. उबदार आहे.

कोंडीबा गेल्या वर्षी गेला. ओट्यावर बसल्या बसल्या गेला. अंघोळ घालताना माझ्या हातात त्याचा उजवा हात आला. अंग सगळं गार झालं होतं, आणि तो एक हात मात्र उन्हात ठेवलेल्या भाकरीसारखा कोमट. मिरजेहून शांतवन पाळक आले होते, त्यांनीही तो धरला आणि सोडला नाही, प्रार्थना संपेपर्यंत.

जयराजच्या हाताचं मला विचारू नका. तो कुणाच्या हातात हात देत नाही. पण जत्रेदिवशी तो त्या दगडावर, तात्याच्या जागी, भर दुपारी येऊन बसतो. हलगी थांबते. मग माळावरच्या धुक्यातून, जिथं कुणी पाणी ओतायला गेलेलं नसतं, तिथून ओलं अंग झाडल्याचा आवाज येतो. सारा गाव जयराजकडं बघतो. तो उठत नाही.