आडनाव नसलेलं पान

माझ्याच ओट्याला टेकून तिनं माझं आडनाव खोडलं.

मी कणीक तिंबत होते. हात भरलेले. मेधाताई मोबाईल घेऊन उभी. वेबसाइटवर माझ्या धंद्याचं पान बनवत होती. "नाव सांग पूर्ण," म्हणाली. मी सांगितलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. तिनं टाईप केलं. मग थांबली. माझ्याकडे न बघता अंगठ्यानं आडनाव पुसलं.

"आडनाव कशाला गं? नुसतं ताई लिहू. घरगुती वाटतं. खाण्यापिण्याचं असतं ना, लोक उगाच..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. पत्त्यात वस्तीचं नाव होतं, तेही गेलं. त्या जागी आलं, कल्याण पूर्व, स्टेशनजवळ. माझ्या घरून स्टेशनला रिक्षा करावी लागते! वर आणि 'शुद्ध शाकाहारी' टाकलं. मी म्हटलं, "ताई, रविवारी मी मटण पण देते ओ. सुकट पण असते." ती हसली. "ते रविवारचं रविवारी बघू."

मी तिंबत राहिले. एवढी तिंबली ती कणीक की पोळ्या दुसऱ्या दिवशीपण मऊ राहिल्या असत्या.

मेधाताई कोण, ते सांगते. डोंबिवलीला राहते, शिकवण्या घेते. माझ्या पोरीचं गणित तिनंच सुधारलं. माझ्या पोळ्या तिच्याकडे कितीतरी वर्षं जायच्या, नवरा कामावर जाताना देऊन जायचा. आम्ही दोघी एका वयाच्या. पण ती मला अगं-तूगं करायची आणि मी तिला ताई, तुम्ही. चालायचं. "तू माझी धाकटी बहीणच," म्हणायची. मला खरं वाटायचं. गौरी-गणपतीत मात्र पोळ्या बंद. "सणाला आम्ही घरीच करतो गं." तेपण मला खरं वाटायचं.

ती वेबसाइटवाली कंपनी ठाण्याची. काम काय, तर लहान धंदेवाल्यांची नावं इंटरनेटवर टाकायची. फी भरा, तुमच्या धंद्याचं एक पान मिळतं. मीपण भरली. कुणी पोळ्या शोधल्या की तुमचं नाव दिसणार, फोन येणार. आणि तुम्ही दुसऱ्याला आत आणलं की त्याच्या फीतून तुम्हाला कमिशन. त्यानं तिसऱ्याला आणलं तरी तुम्हाला थोडं. मला मेधाताईनं आणलं, म्हणून मी तिची डाऊनलाइन. नवऱ्याला विचारलं, डाऊनलाइन म्हणजे काय रे? तो म्हणाला, "खालची रांग." म्हटलं, वा! इथेपण.

पान झालं. फोनची वाट बघत बसले. पहिलाच फोन आला, पलीकडे गोड आवाजाची बाई. "ताई, तुम्ही पोळ्या करता ना?" मी खूश. "हो हो, किती पाहिजेत?"

"पोळ्या नको ओ. तुमचा बिझनेस वाढवायचाय का?"

आमच्याच कंपनीची! नंतरचे सगळे फोन तसलेच. पोळी मागणारा एक नाही.

मग मीच कामाला लागले. दुपारी पोळ्या आटपल्या की त्या वेबसाइटवरची पानं उघडायची आणि फोन लावायचे. सरळ विचारायचं, तुम्हाला यावरून एक तरी काम मिळालं का? उल्हासनगरची मेंदीवाली म्हणाली, नाही. भिवंडीचा पडदे शिवणारा म्हणाला, अजून नाही, पण प्लॅन मस्त आहे, ऐकायचाय का? टिटवाळ्याचा एसी दुरुस्त करणारा एक जण मोकळा निघाला. खदखदून हसला. "ताई, बाजार भरलाय, सगळे दुकान लावून बसलेत आणि घेणारा कोण नाय. आपणच आपली दुकानं बघत फिरतोय."

मला काय समजायचं ते समजलं. तशीच मेधाताईकडे गेले. वाटलेलं, तिलापण फसवलंय बिचारीला, ऐकून धक्का बसेल. सगळं सांगितलं. ती शांत. चहा गाळता गाळता म्हणाली, "अगं, गिऱ्हाईकाचं सोड. ते मला माहितीये. खरा धंदा माणसं आणण्यात आहे. आणि तुझ्याकडे माणसं आहेत. तुमच्या लोकांत एकी असते. पौर्णिमेला विहारात बायका जमतात ना तुमच्या? वंदना झाली की दहा मिनिटं मागून घे. तुझं ऐकतील. आम्हाला तिथं कोण उभं करणार?"

ते मला माहितीये. किती सहज म्हणाली! म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या ओट्याला टेकून उभी होती तेव्हापण.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पानावर माझं आडनाव नको, कारण त्यानं गिऱ्हाईक पळतं. वस्तीत मात्र तेच आडनाव पाहिजे, कारण त्यानं दारं उघडतात. धुणीभांडी करणाऱ्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायका त्या. मी म्हटलं असतं तर बचतगटातून पैसे उचलून फी भरली असती. एकीनंही उलटून विचारलं नसतं.

"नाही जमणार, ताई," म्हटलं.

"बरं, नको. रविवारी माजिवड्याला मीटिंगला ये फक्त. माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हणाली, म्हणून गेले. पोरीला शिकवलंय तिनं, एवढं तर करू म्हटलं. मूर्ख मी.

मोठा हॉल. एसी. दणादण गाणी. टाय लावून घामेजलेली माणसं. कंपनीचे सर स्टेजवर. त्यांनी एकदम माझं नाव पुकारलं. नुसतं नाव. मेधाताईनं पाठीला हात लावून मला पुढे ढकललं. वर गेले. सर माईकवर बोलायला लागले.

"बघा ह्या ताईंकडे! झोपडपट्टीतून आल्यात. घरात खायला नव्हतं. नवरा पिणारा. आपल्या मेधा मॅडमनी हात दिला, आज ह्या तुमच्यासमोर उभ्या आहेत. आणि पुढच्या रविवारी वस्तीतल्या सगळ्या बायकांना घेऊन येणार आहेत! टाळ्या!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट.

नवरा पिणारा? माझा नवरा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे. चहाशिवाय काही पीत नाही, तोपण बिनसाखरेचा. मी मेधाताईकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती. डोळे पुसत होती! त्याच माणसाच्या हातून रोज पोळ्या घेणारी बाई. ही गोष्ट तिनंच रचून दिलेली, दुसरं कोण देणार? सर परके होते, त्यांचं काय एवढं नाही. हिला मी आपली मानलेलं.

आभार मानायला माईक माझ्या हातात दिला.

"जयभीम," म्हटलं. मग माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, वस्तीसकट. म्हटलं, "माझा नवरा पीत नाही. आम्ही कधी उपाशी नव्हतो. मी पोळ्या करते, मटणपण करते. ह्या वेबसाइटवरून मला एक गिऱ्हाईक आलेलं नाही. इथे कुणाला आलं असेल तर हात वर करा."

एक हात वर झाला नाही. सरांनी माईक ओढून घेतला आणि गाणं लावायला सांगितलं. लगेच सगळे पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. हे मला जास्त लागलं.

मेधाताईनं जिन्यात गाठलं.

"किती केलं तुझ्यासाठी. सगळ्यांसमोर नाक कापलंस माझं. शेवटी जात दाखवलीसच."

"लपवली कुणी होती, ताई? तुम्हीच ना?"

मी खाली उतरले.

तिच्या पोळ्या बंद झाल्या. तिच्या ओळखीतल्या घरांच्यापण झाल्या. पोरीनं विचारलं, "मम्मी, मेधा टीचरकडे का नाही जायचं?" मी खरं ते सांगितलं. पोरगी रडली. तिला ती बाई आवडायची. मलापण आवडायची, तेच तर.

पौर्णिमेला वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. ओट्यापासून माजिवड्यापर्यंत. एक म्हातारी फटकन बोलली, "फी भरतेवेळी आमाला इचारलंस का?" बरोबर होतं तिचं. मी मान खाली घातली नाही.

मेधाताई आता वस्तीत दुसरी कुणी तरी शोधेल. शोधू दे. जी तिला घेऊन येईल तिच्यासमोर मी उभी राहीन, ती माझी सख्खी जाऊ असली तरी. ह्या बायका माझा शब्द मानतात. तो विकायला काढायचा अधिकार कुणाच्या बापाला नाही. मलापण नाही.