पडद्याचा सांधा

आमच्या मावशीच्या यजमानांनी आयुष्यात कुठल्याही दिव्याकडे सरळ बघितलं नाही. बघितलं ते कापडातून. बारीक विणीतून लांबचा दिवा पाहिला की एकाचे ओळीने अनेक ठिपके दिसतात, आणि ठिपक्यांतल्या अंतरावरून काका धागे मोजत. मुलुंडच्या स्टॉपवर कोरड्या दिवसांत छत्री उघडून तिच्यातून रस्त्यावरचा दिवा बघताना त्यांच्या कितीतरी बसेस चुकल्या. माझ्या रिसेप्शनला तर त्यांनी माझ्या सासूबाईंचा नायलॉनचा पदर दिव्यासमोर धरला आणि "इंचाला शंभर धागे, माल चांगला आहे," असा निर्वाळा दिला. पुढे काका येणार म्हटलं की सासूबाई जाडजूड सुती लुगडं नेसत. येईल त्याला काका कापडातून बघायला लावत. फक्त मावशी दाद देत नसे. तिचं एकच उत्तर, हातातलं काम आटपू द्या.

काका पवईला प्रयोगशाळेत होते आणि पन्नाशीतही त्यांचा प्रबंध चालूच होता. हजारो सारख्या फटींतून गेलेला प्रकाश लांबच्या भिंतीवर कसा पडेल, हे कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं, हा विषय. ऐंशीच्या दशकातला तो कॉम्प्युटर. आज गणित द्यावं, उद्या कागदाचं भेंडोळं मिळावं. पण दर भेंडोळ्यात खऱ्या ठिपक्यांच्या मधे प्रयोगात कधीच न दिसणारी पुसट ठिपक्यांची लुडबुड असे. दिवाळीपर्यंत ती गेली नाही तर प्रबंध विसरा, असं मार्गदर्शकांनी बजावलं. ते काकांपेक्षा वयाने लहान. काकांना अन्न गोड लागेना, आणि आम्ही त्यांची चेष्टा करणं सोडून दिलं.

एका रविवारी मावशी मशीनवर पट्ट्यापट्ट्यांचे पडदे जोडत होती. काका तिला आपलं दुःख सांगत होते. कॉम्प्युटरला सगळ्या फटी काही देता येत नाहीत, एक तुकडा द्यायचा. कॉम्प्युटर त्याला पुढे तोच तुकडा जोडत गेल्यासारखं गणित करतो.

मान वर न करता मावशीने विचारलं, "अहो, मग सांध्यावर पट्टा पुरा येतो ना?"

काकांनी वाकून पडद्याचा सांधा बघितला. गणिताला सोयीची म्हणून त्यांनी तुकड्याची लांबी ठरवली होती. शेवटची फट मधेच तुटत होती.

"अर्धाच येतो गं," ते हळूच म्हणाले.

तुकड्यात पुऱ्या फटी बसवल्या आणि लुडबुड गेली. प्रबंध दिवाळीआधी सादर झाला.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर काका खिडकीत तिची जुनी नायलॉनची साडी डोळ्यांसमोर धरून उभे होते. मला जवळ बोलावून त्यांनी पदराचं टोक हातात दिलं. रस्त्यावरच्या दिव्याचे ठिपके छान दिसत होते. इंचाला किती धागे, मी विचारलं.

"तिची साडी आहे," काका म्हणाले. "मोजून काय करू? तिने एकदा बघायला हवं होतं."