चार कपाटं आणि शोभाताई

जुन्या पुस्तकांवर धूळ साचते म्हणतात. आमच्या बुलढाण्याच्या विज्ञान-इतिहास ग्रंथालयात धुळीपेक्षा किस्से जास्त साचतात! दुर्मिळ विभागाची चार कपाटं, ती सांभाळणाऱ्या शोभाताई आणि त्यांच्या हाताखाली मी. पुस्तक झटकलं की काहीतरी पडतंच.

*

एका जुन्या तारांगण-नकाशावर मला तपकिरी शेपटी दिसली. मी हरखून नोंद केली, 'पूर्वीच्या वाचकाने रेखाटलेला धूमकेतू.' शोभाताईंनी कागद नाकाशी नेला.

"चहा हाये बे हा!"

मी खोडरबर शोधायला लागलो, तर ओरडल्या, "खोडतो काऊन? लिही, इथं चहा पिता पिता तारे पाह्यणारा माणूस होता!"

*

विजेच्या शोधाचा इतिहास. बल्बच्या चित्रावरच मेणाचे थेंब!

शोभाताई म्हणाल्या, "शोध लागला, लाइन नाही आली."

*

मग मुख्य कार्यालयाचे साहेब तपासणीला आले. त्यांनी उघडलेल्या पहिल्याच पुस्तकातून सापाची कात पडली. कसर लागू नये म्हणून आमच्याकडे पुस्तकात कात ठेवायची पद्धत. साहेब थेट खुर्चीवर!

"साप! साप!"

"साप गेला साहेब," शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "कपडे ठेवून गेला."

साहेबांनी त्याचा राग धरला. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'संग्रह असुरक्षित. वाचक शून्य. चारही कपाटं शहरातल्या मुख्य कार्यालयात हलवावीत.'

माझं डोकंच फिरलं. आमच्याच लोकांनी जपलेली पुस्तकं, आणि ती बघायला आमच्याच लोकांनी शहरात जायचं?

*

त्यानंतर साहेबांचा फोन आला. "तिथे हवेतल्या दमटपणावर कंट्रोल आहे का?"

"हाये ना," शोभाताई म्हणाल्या. "खिडकी!"

आणि फोन आपटला.

*

शेवटी टेम्पो घेऊन साहेब आलेच. बघतात तर हॉल गच्च! एसटीचे कंडक्टर, शाळेच्या बाई, भाजीवाल्या, सगळ्यांच्या हातात दुर्मिळ विभागातली पुस्तकं. कपाटं रिकामी. साहेब शोभाताईंकडे वळले, तर त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. संस्थेचाच नियम, साहेबांच्याच कार्यालयाचा शिक्का : 'वाचकाच्या हातातून पुस्तक काढून घेऊ नये.'

दाराजवळच्या खुर्चीत धाड गावची कासाबाई बसली होती. रोज जीपने भाजी घेऊन येते. तिच्या मांडीवर चंद्राच्या कलांचं पुस्तक होतं, प्रत्येक पानावर एकेका तिथीचा चंद्र.

साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, "आजी, झालं का बघून?"

"नाही बापू. रोज आभायात पाह्यते, मंग इथं येऊन तोच चंद्र पाह्यते. रोज एकच पान."

"मग केव्हा होईल?"

कासाबाईने पदर सावरला.

"आज तर बीज हाये. अमावस्येले येजा!"