वाळवणबाई आणि आईची खोली

घरात पाणी झालं तर काय करायचं, हे मला कधीही विचारा, मी समोर बसवून तासभर सांगेन. बायको म्हणते, हल्ली आमच्याकडे लोक यायचे कमी झालेत ते यामुळेच. पण मला जे काही कळतं ते सगळं एका बाईंनी शिकवलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं रागावून. म्हणून आधी त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी आम्ही नवराबायको सकाळपासून हॉस्पिटलात होतो. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, नऊ दिवसांनी घरी न्या, पण जिना चढू देऊ नका. त्याची सोय आम्ही आधीच केली होती. खालची खोली रिकामी करून, रंग देऊन, पलंग लावून तयार होती. ती नसती तर आईला शुश्रूषा केंद्रात राहावं लागलं असतं, आणि केंद्राचं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड फिरवून पडायची. "एकदा तिथे ठेवलं की लोक विसरतात," एवढंच म्हणायची. हॉस्पिटलातून थेट घरी, असा मी तिला शब्द दिला होता.

दुपारी चारला खुशीत घरी आलो आणि दार उघडलं, तर माझ्याच चपला तरंगत माझ्या स्वागताला आल्या. वरच्या बाथरूममधल्या वॉशिंग मशीनची नळी निसटली होती. दिवसभर पाणी जिन्यावरून उतरत होतं, आणि ज्याला जिन्याने यायचा कंटाळा आला ते छतातून थेट आईच्या खोलीत टपकत होतं. लाकडी जमीन, नवी गादी, नवा रंग, सगळं गेलं. बायको धावत वर गेली आणि तिने नळ बंद केला. मी खोलीच्या मधोमध रिकामी बादली धरून उभा राहिलो.

असल्या कामाची माणसं मिळतात हे बायकोला ठाऊक होतं. तासाभरात एक गाडी आली. दोन दणकट माणसं उतरली आणि त्यांच्यामागून एक ठेंगण्या, पन्नाशी उलटलेल्या बाई. पायात रबरी बूट, चष्मा गळ्यात दोरीला, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली.

"मेन स्विच बंद केलात?" त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही."

"मग पाण्यात उभे का आहात?"

मी उडी मारून बाहेर आलो. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो त्या प्रत्येक घरात विचारतात हे मला नंतर कळलं. "या खोलीतली कुठली वस्तू गेली तर तुम्ही रडाल? ती आधी उचलू. बाकीचं मागाहून."

"वस्तू नाही," मी म्हटलं, "ही खोलीच." आणि आईचं सगळं सांगितलं. कुणीही म्हणालं असतं, काळजी करू नका, होईल. बाई म्हणाल्या, "मी तारीख देत नाही. रोज आकडा देईन."

बायको त्यांना त्याच संध्याकाळी वाळवणबाई म्हणायला लागली. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "मागच्या घरी मला पंखेवाली म्हणायचे, त्यापेक्षा बरंय."

तर ऐका. अशी माणसं आली की लगेच पुसायला लागतील असं वाटतं, तसं नसतं. आधी त्यांनी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढले, विम्यासाठी. मग पंपाने पाणी ओढलं, राहिलेलं मोठ्या शोषकाने. पलंग ठोकळ्यांवर चढवला, गादी फेकली, बुरशी धरू नये म्हणून औषध फवारलं. इथवर मी कौतुकाने पाहत होतो. मग त्यांनी भिंतीच्या तळाची पट्टी उचकटली आणि ड्रिल घेऊन माझ्या कोऱ्या करकरीत रंगात ओळीने भोकं पाडायला सुरुवात केली. मी ओरडलोच.

"दादा, आतलं पाणी बाहेर कुठून येणार? तुमच्या परवानगीने येत नाही ते," वाळवणबाई म्हणाल्या आणि पुढचं भोक पाडलं.

शेवटी चार पंखे आणि ओलावा ओढणारी दोन धूड यंत्रं लावली. ती चोवीस तास चालू ठेवायची, बंद करायची नाहीत, खिडक्या-दार बंद. आवाज असा, की मी आणि बायको आठवडाभर खुणांनी भांडलो. एरवीपेक्षा लवकर मिटायचं.

वाळवणबाई रोज सकाळी साडेनवाला यायच्या. खोलीत अकरा ठिकाणी त्यांनी पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या. तिथे ओल मोजायचा मीटर टेकवायचा, आकडा वाचायचा, तारखेसह लिहायचा. वर आमच्या झोपायच्या खोलीतल्या भिंतीवरही त्यांनी एक फुली केली होती. तिथे आकडा बारा. "ही तुमची कोरडी भिंत. खालच्यांनी हिच्यासारखं वागायचं," असं त्या म्हणायच्या. तोवर मला वाटायचं, भिंत हाताला कोरडी लागली की कोरडी. त्यांनी माझा हात भिंतीवर ठेवला, "कोरडी ना?" असं विचारलं, आणि मीटर लावला. एक्केचाळीस. मी हात खिशात घातला.

अठ्ठेचाळीस, एक्केचाळीस, पस्तीस, असं छान उतरत होतं. चौथ्या दिवशी छत्तीस. पाचव्या दिवशी सदतीस. वाळवणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी यंत्रं तपासली, वास घेतला, आणि खिडकीच्या कडीवरून बोट फिरवलं.

"खिडकी कोण उघडतं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. खरं असं होतं, की आईने हॉस्पिटलातून फोनवर बजावलं होतं, ओल्या खोलीच्या खिडक्या सताड उघडायच्या. आई निवृत्त मुख्याध्यापिका आहे. तिने बजावलं की छप्पन्न वर्षांचा मुलगाही निमूट ऐकतो. वाळवणबाई गेल्या की मी खिडकी उघडायचो आणि सकाळी त्या यायच्या आत लावून टाकायचो.

"लावा फोन त्यांना," वाळवणबाई म्हणाल्या.

मी लावला आणि स्पीकर चालू करून लांब उभा राहिलो.

"आजी, नमस्कार. खिडकी उघडायला तुम्ही सांगितलंत?"

"हो. पंचावन्न वर्षं घर चालवलंय मी. कोंदट खोलीला वारा लागतो."

"एरवी बरोबर आहे. पण बाहेर आठवडाभर भुरभुर चाललीय. तुमचा मुलगा सगळी दमट हवा आत घेतो. माझी यंत्रं दोन दिवस तुमची खोली सोडून गल्ली वाळवतायत."

मग आई म्हणाली, "वाळली का गल्ली?"

"नाही."

"मग तुमची यंत्रं लहान आहेत."

वाळवणबाई खो खो हसल्या. पलीकडून आईही हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मग मला म्हणाली, "मी सांगितलं की लगेच करायचं? तुला स्वतःची अक्कल नाही?" ही मुभा मला जन्मात पहिल्यांदाच मिळत होती. त्या दिवसापासून आई आकडा मला विचारेनाशी झाली. थेट वाळवणबाईंनाच फोन करायची, आणि आकड्याआधी पंधरा मिनिटं दोघी भलतंच काहीतरी बोलायच्या.

पुढे भराभर उतरलं. एकोणतीस, तेवीस, सोळा. नवव्या दिवशी दहा फुल्यांवर बारा आलं. अकरावी फुली पलंगाच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात. तिथे सतरा. आईला त्याच दुपारी हॉस्पिटलातून सोडणार होते. वाळवणबाईंनी कोरडेपणाच्या कागदावर सही केल्याशिवाय यंत्रं निघणार नव्हती.

"पाचाचा तर फरक आहे," मी म्हटलं. "लिहा ना बारा. कोण बघतंय?"

त्यांनी चष्मा काढला. "एकदा लिहिलंय मी. त्या घरी बाळ यायचं होतं, आणि बाप तुमच्यासारखाच मागे लागला होता. दोन महिन्यांनी कपाटामागे दाराएवढी काळी बुरशी निघाली. बाळाचा खोकला हटेना. ती माणसं मला काही बोलली नाहीत. बोलली असती तर बरं झालं असतं."

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी हात जोडले. आईला शब्द दिलाय म्हणालो. माझा आवाज चिरकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी नाही म्हणून मान हलवली तसा मी म्हणालो, "तुमचं काय जातंय? तुमची आई नाही ना ती!"

दोन पंखे उचलून वाळवणबाईंनी कोपऱ्याकडे वळवले, कागदावर सतरा लिहिलं आणि निघून गेल्या. बायकोने दिवसभर माझ्याशी खुणासुद्धा केल्या नाहीत.

आईला केंद्रात नेलं. "किती दिवस?" तिने विचारलं. मी म्हटलं, तीन. "बरं," आई म्हणाली. गृहपाठाची वही घरी राहिली असं सांगणाऱ्या मुलाला ती असंच बरं म्हणायची.

बाराव्या दिवशी अकराव्या फुलीवर बारा आलं. वाळवणबाईंनी सही केली. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "भोकं बुजवताना पुट्टी दोन हात द्या," आणि यंत्रं गाडीत चढवायला लागल्या. घर एवढं शांत झालं, की आम्हाला एकमेकांचा आवाज मोठा वाटायला लागला.

संध्याकाळी आईला आणलं. वॉकर टेकत ती खोलीत आली. भोकं पाहिली, पुन्हा आणलेली नवी गादी दाबून पाहिली, बसली, आणि मला दार लोटायला सांगितलं.

"ती परवा केंद्रात आली होती. तुझी वाळवणबाई."

"कशाला?"

"मीच बोलावलं. म्हटलं, समोर येऊन सांग. खोली खरंच ओली आहे, का माझा मुलगा मला इथे ठेवायची सोय बघतोय?"

म्हणजे परवापर्यंत आई हे मनात घेऊन त्या परक्या पलंगावर पडली होती.

"मग?"

"खुर्ची ओढून बसली. म्हणाली, आजी, तुमच्या मुलाने खोटा आकडा लिहा म्हणून माझे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते. रडला. शेवटी मलाच नाही नाही ते बोलला. मी ऐकलं नाही, म्हणून तुम्ही इथे आहात, राग धरायचा तर माझ्यावर धरा." आईने डोळे पुसले. "त्या दिवशी मी नीट जेवले."

ज्या गोष्टीची तीन दिवस लाज वाटत होती, ती त्या बाईंनी नेऊन आईच्या हातात ठेवली होती.

"इकडे ये," आई म्हणाली. मी वाकलो. तिने माझा कान धरला, अगदी खराखुरा पिळून धरला. "खोटं लिहायला सांगतोस? माझा मुलगा असून?"

"चुकलो."

"चुकलासच," आई म्हणाली, पण कान मात्र तिने बराच वेळ सोडला नाही.